मदत हवी आहे: पितळी नोझलच्या टोप्या व्हायब्रोतून काळपट निघतात, बफसारखी लकाकी कशी आणू?

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीन ट्रॉब (रॉडपासून आपोआप भाग कापणारी लेथ मशीन), एक ड्रिलिंग, माणसं मोजून पाच. फवारणी पंपाच्या नोझलची पितळी टोपी हा आमचा मुख्य जॉब. बाहेरून १८ मिमी, उंची १४, अंगाला नर्लिंग (पकडीसाठी पाडलेल्या बारीक खाचा), आत आटे, वरच्या तोंडाला ९ मिमीचं भोक. वजन साधारण १५ ग्रॅम. माल फ्री कटिंग पितळेचा, आयएस ३१९चा रॉड.

आजवर या टोप्यांचं बफिंग (फिरत्या चाकावर घासून चमकवणं) शेजारच्या गाळ्यातले एक काका करत आले. बावीस वर्षं रोज तेच काम. टोपी लाकडी खुंटीवर बसवायची, चाकाला लावायची, फिरवायची, काढायची. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळा डाग. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात आणि डॉक्टरांनी धुळीत बसायला साफ मनाई केली आहे. मी त्यांना शब्द दिला आहे की मशीन आणतो, ते तुम्ही सांभाळा, बफपुढे आता बसायचं नाही. म्हणून एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना ५० लिटरचा व्हायब्रेटरी बाऊल, म्हणजे व्हायब्रो, घेतला. यात माल आणि मीडिया (घासणारे तुकडे) एकत्र थरथरून घासले जातात. सोबत दोन पोती वापरलेली सिरॅमिक मीडिया मिळाली, तिकोनी तुकडे.

आता अडचण. अर्धा बाऊल मीडिया, अर्धा माल, म्हणजे एका वेळी साधारण ३,००० टोप्या टाकल्या. पाणी एक बादली आणि भांडी घासायचा द्रवसाबण ओतला. दोन तास चालवलं. निघालेला माल असा:

बर (कापताना काठाला राहिलेली बारीक धार) गेली, हे खरं. पण रंग शिशाच्या पेन्सिलीसारखा करडा. बोट फिरवलं की बोट काळं होतं. काठांवर बारीक ठोके पडलेत, नर्लिंगची धार बसली आहे. शंभरात सात-आठ टोप्यांच्या भोकात तिकोनी तुकडा असा घट्ट बसलाय की स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढावा लागतो. आणि रात्री टोपलीत ठेवलेल्या मालावर सकाळी ठिपके.

मी वेळ वाढवून पाहिली, चार तास केले. आणखी करडं झालं. गुगलवर जे सापडतं ते बंदुकीच्या काडतुसांबद्दल किंवा दगड घासण्याबद्दल. आपल्याकडे कोणी हे रोज करत असेल तर कृपया सविस्तर सांगा. बफइतकी आरशासारखी चमक नको, पण ग्राहकाच्या हातात पिवळाधमक माल पडायला हवा.

— ट्रॉबवाला_कुपवाड

प्रतिसाद: भोसरी_फिनिशिंग

दादा, तुमचं मशीन बिघडलेलं नाही. तुम्ही घासण्याच्या मीडियातून चमक मागताय. ती तिकोनी सिरॅमिक म्हणजे मातीत बांधलेले अल्युमिनाचे कण. ती धातू कापते. चार तास चालवलंत तर चार तास कापत राहणार आणि पृष्ठभाग मॅटच होणार. चमक हवी तर दुसरा टप्पा करावा लागतो, न कापणाऱ्या मीडियात. तिथे धातू कापला जात नाही, दाबून गुळगुळीत होतो. एकाच मीडियात दोन्ही कामं होत नाहीत.

आता एकेक.

माल-मीडियाचं प्रमाण. निम्मं-निम्मं कधीच नको. टोपीवर टोपी आपटते, तेच ते ठोके. पितळासारख्या मऊ मालाला आकारमानाने चार किंवा पाच भाग मीडिया, एक भाग माल. तुमच्या बाऊलला एका वेळी १,२०० टोप्या, जास्त नको. जीवावर येतं, कारण लोड लहान होतो, पण रिजेक्शन धरलंत तर हाच हिशेब स्वस्त पडतो.

भोकात अडकणं. मीडियाचा तुकडा एक तर भोकापेक्षा चांगला मोठा हवा, नाहीतर भोकाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान. मधला माप नेमका अडकतो. तुमची मीडिया वापरलेली आहे, म्हणजे ती झिजत झिजत कुठल्या कुठल्या मापाला आली असेल. कधी काळी १५ मिमीचा असलेला तुकडा आज ९-१० वर आला की तो तुमच्याच भोकासाठी बनवल्यासारखा बसतो. चाळणी मारा. नवी मीडिया घेतलीत तरी दर महिन्याला चाळावी लागते, हे लोक विसरतात.

पाणी. एक बादली एकदाच ओतलीत, तिथेच काळपटपणाचं मूळ आहे. पितळेचा चुरा, झिजलेली मीडिया आणि ट्रॉबचं कटिंग ऑइल, सगळं त्याच पाण्यात फिरतं आणि मालावरच परत चोळलं जातं. वरून थेंब थेंब स्वच्छ पाणी, खालून निचरा चालू, असं ठेवा. ५० लिटरच्या बाऊलला तासाला १० लिटरच्या आसपास. त्यात कंपाउंड (याच कामासाठी मिळणारं धुण्याचं रसायन) एक टक्का, म्हणजे १० लिटरला १०० मिली. भांड्यांचा साबण बंद करा. फेस झाला की मीडियाला गादी मिळते, आपटण्यातला जोर जातो.

कापायला प्लास्टिकची शंकूच्या आकाराची मीडिया घ्या, पितळेला सिरॅमिकपेक्षा ती मऊ पडते. मग चमकवायला चिनीमातीची.

प्रतिसाद: ट्रॉबवाला_कुपवाड

भोसरीकर दादा, मनापासून आभार. चाळणी मारली. आठ मिमी ते बारा मिमीमधले तुकडे जवळपास निम्मे निघाले!

स्टीलच्या गोळ्यांबद्दल विचारतो. इथल्या एकाने सुचवलं की स्टीलने सगळ्यात झटपट चमक येते. बाऊल भरून घेऊ का?

प्रतिसाद: भोसरी_फिनिशिंग

अजिबात नको! आधी वजन करा. सिरॅमिक लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. स्टीलच्या गोळ्या लिटरला पावणेपाच किलोच्या वर. तुमच्या बाऊलमध्ये ४० लिटर सिरॅमिक म्हणजे ६० किलो, तेवढंच स्टील म्हणजे १९० किलो. सिरॅमिकसाठी बनवलेल्या बाऊलच्या स्प्रिंगा आणि मोटर हे ओढणार नाहीत, आतलं पॉलियुरेथेनचं अस्तरही लवकर फाटेल. स्टीलसाठी वेगळे मजबूत बाऊल येतात. तुम्ही चिनीमातीची बारीक मीडिया घ्या, २-३ मिमीची. वजनाला सिरॅमिकसारखीच, कापत नाही, वर्षानुवर्षं टिकते. वेळ थोडा जास्त लागेल, एवढंच.

आणि साधं, स्टेनलेस नसलेलं स्टील घेतलं की गंजाचं दुखणं कायम. ते अल्कलीच्या (सोड्यासारख्या) पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. एक रविवार कोरडं पडलं की सोमवारचा लोड गेला.

प्रतिसाद: ट्रॉबवाला_कुपवाड (चार दिवसांनी)

चिनीमातीची मीडिया मागवली आहे, यायला आठवडा आहे. तोवर धीर धरवला नाही. आई देवाची भांडी चिंचेने उजळते, तेव्हा आम्लाने काळं निघतं हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून चाळलेल्या जुन्या सिरॅमिकमध्येच प्रमाण बरोबर ठेवून, पाण्यात मूठभर सायट्रिक ॲसिड टाकलं. पाऊण तास चालवलं.

करडेपणा गेला, ठोकेही जवळपास नाहीत. पण माल गुलाबी झाला! पितळ वाटतच नाही, तांब्याची टोपी वाटते. काही टोप्यांवर नर्लिंगच्या खाचांत तांबडे पट्टे, बाकी अंग पिवळट. काकांनी एक टोपी नखाने खरवडली तर खालून पिवळं निघालं. हे काय झालं? रॉडच खराब आहे का? ग्राहकाकडे नमुना उद्या द्यायचा होता, फोन करून पुढे ढकलला आहे.

प्रतिसाद: हुपरीकर

तुमचा रॉड चांगला आहे. लोखंड कुठून आलं ते शोधा.

आम्ही चांदीचं काम करतो, पैंजण आणि घुंगरं. डाग देऊन जोडलेला (सोल्डर केलेला) माल उजळायला सौम्य ॲसिडच्या भांड्यात टाकतो, आणि पोराला कामावर ठेवलं की पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: या भांड्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही. चुकून घातला की चांदीवर तांबडं चढतं. ॲसिडात माल उजळताना थोडं तांबं विरघळतं. लोखंड आत आलं की ते स्वतः विरघळतं आणि तांब्याला बाहेर ढकलतं, आणि ते तांबं हाताशी असलेल्या मालावर बसतं. म्हणून आमचे चिमटे पितळी.

तुमची मीडिया जुन्या कारखान्यातली म्हणालात. तिथे लोखंडाचे जॉब होत असणार. कोरड्या मीडियात चुंबक फिरवून बघा.

प्रतिसाद: ट्रॉबवाला_कुपवाड

हुपरीकर, तुम्हाला साष्टांग नमस्कार. स्पीकरमधला जुना चुंबक पिशवीत घालून मीडियात फिरवला. बाहेर काढला तर पिशवीला मिशीसारखा काळा चुरा! वर्तमानपत्रावर झटकला, चमचाभर निघाला. दुसऱ्यांदा पुन्हा तेवढाच. ते दुकान बोल्टचं काम करायचं, हे आता विचारल्यावर कळलं.

प्रतिसाद: रसायनताई

हुपरीकरांचं निदान अगदी बरोबर आहे. मी प्लेटिंग शॉपमध्ये प्रयोगशाळा बघते, तीन गोष्टी जोडते.

एक. चुंबकाने मोकळा चुरा निघेल, पण मीडियाच्या अंगात रुतलेलं लोखंड निघणार नाही. ती दोन्ही पोती लोखंडाच्या कामासाठीच वेगळी ठेवा किंवा कोणा बोल्टवाल्याला देऊन टाका. पितळेसाठी वापरायची मीडिया फक्त पितळेलाच. बाऊलही आतून कोमट पाण्याने, मीडियाशिवाय, दोनदा धुवून घ्या.

दोन. लोखंड नसतं तरी आम्लात जास्त वेळ ठेवून पितळ गुलाबी होऊ शकतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जस्त आधी जातं, वर तांबं उरतं. चिंच काय, सायट्रिक काय, काम मिनिटांचं आहे. आई चिंच चोळते आणि लगेच धुते, ते धुणं महत्त्वाचं. मूठभर हे माप नव्हे. लिटरला पाच ग्रॅमपासून सुरुवात करा, चमकवण्याच्या टप्प्याच्या शेवटी दहा मिनिटं, मग भरपूर पाणी.

तीन, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फ्री कटिंग पितळेत साधारण तीन टक्के शिसं असतं. चिप तुटावी म्हणून ते घातलेलं असतं. तुमच्या बोटाला लागलेल्या काळ्यात तेही आहे. ओल्या प्रक्रियेत धूळ उडत नाही, त्यामुळे बफपेक्षा हे काम फुफ्फुसांना नक्कीच बरं. पण गाळ हाताळताना रबरी हातमोजे घाला, जेवणाआधी साबणाने हात धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका. काकांनी इतकी वर्षं पितळ बफ केलं आहे, तर त्यांच्या डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का, हे एकदा विचारा. साधी रक्ताची तपासणी आहे.

निचऱ्याचं पाणी गटारात सोडू नका. दोन ड्रम ठेवा, एकात गाळ बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्यात. गाळ वाळवून झाकणाच्या डब्यात साठवा आणि घातक कचऱ्याची अधिकृत परवानगी असलेल्यांकडेच द्या. तुमच्या एमआयडीसीतल्या एखाद्या प्लेटिंगवाल्याला विचारा, त्याला हे दर काही महिन्यांनी करावंच लागतं.

प्रतिसाद: ट्रॉबवाला_कुपवाड

ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. काकांना घेऊन शनिवारी जातो. गटाराचं तर डोक्यातही आलं नव्हतं, मागच्या नाल्यात सोडत होतो. आजपासून बंद.

ठिपक्यांचं अजून कळलेलं नाही. माल धुवून टोपलीत ठेवतो, पंखा लावतो. सकाळी पांढरे गोल आणि मध्येच तपकिरी डाग.

प्रतिसाद: रसायनताई

पांढरे गोल म्हणजे बोअरचं पाणी सुकलं आणि क्षार मागे राहिले. चहाच्या पातेल्याला बसतो तोच थर. तपकिरी म्हणजे पितळ काळवंडायला लागलं. ताजं उजळलेलं पितळ फार लवकर धरतं, पावसाळ्यात तर तासाभरात.

शेवटची खंगाळणी आरओच्या पाण्यात करा. ते पाणी गरम असलं, साधारण ६० अंश, तर माल स्वतःच्या उष्णतेने लवकर सुकतो. त्याच पाण्यात लिटरला एक-दोन ग्रॅम बेन्झोट्रायझोल घाला, रसायनांच्या दुकानात बीटीए म्हटलं की देतात. तांब्यावर आणि पितळेवर त्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि माल काळा पडणं बरंच लांबतं. पावडर हाताळताना हातमोजे, मास्क. मग पंख्याखाली न ठेवता मक्याच्या बुरकुंडाच्या (दाणे काढलेल्या कणसाच्या) भरड्यात घोळवा, भरडा पाणी शोषून घेतो. आटे असलेल्या मालाला पंखा पुरत नाही, पाणी आट्यांतच बसून राहतं.

प्रतिसाद: हुपरीकर

आमच्याकडे शेवटचं धुणं अजून रिठ्याच्या पाण्यात होतं. रात्री भिजत घातलेले रिठे, सकाळी कुस्करून गाळलेलं पाणी. तेल, मेण, पॉलिशचा मळ सगळं निघतं आणि चांदीला त्रास नाही. पितळेलाही चालेल असं मला वाटतं. बाऊलमध्ये मात्र घालू नका, फेस फार.

प्रतिसाद: भोसरी_फिनिशिंग

एक राहिलं. चमकवताना मशीनचा जोर कमी हवा. मोटरच्या शाफ्टला वर आणि खाली वजनाच्या पट्ट्या असतात, त्या एका बाजूला जड म्हणून बाऊल थरथरतो. पट्ट्या कमी केल्या की थरथर लहान होते. कापायला बाऊलची हालचाल ढोबळमानाने चार मिमी, चमकवायला दोनच्या आसपास पुरे. वरच्या आणि खालच्या वजनामधला कोन बदलला की माल पुढे किती सरकतो आणि आत किती उलथतो, त्याचं प्रमाण बदलतं. माल जिलबीसारखा गोल फिरत हळूहळू पुढे जायला हवा. एका जागी उकळल्यासारखा नाचत असेल तर कोन चुकलाय. मेन स्विच काढूनच हात घाला आणि जुन्या कोनाची खूण करून ठेवा, परत यायला सोपं जातं.

प्रतिसाद: ट्रॉबवाला_कुपवाड (अडीच आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण जमल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आता जे चाललंय ते लिहितो, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

ट्रॉबवरून आलेला माल आधी गरम सोड्याच्या पाण्यात धुतो, तेल तिथेच सोडवतो. हा बदल कोणी सुचवला नव्हता, काकांचा आहे. बफला तेलकट माल लावला की चाक खराब होतं, म्हणून ते कायम आधी धुवायचे. त्यानंतर बाऊलमधलं पाणी निम्म्यानेही काळं होत नाही.

मग नवी प्लास्टिकची शंकू मीडिया, १,२०० टोप्या, ४० मिनिटं, पाणी तासाला १० लिटर. नवी असताना पहिले दोन लोड भंगाराच्या टोप्यांवर चालवले. नव्या मीडियाच्या कडा टोकदार असतात, त्या चांगल्या मालावर ओरखडे काढतात, हे पहिल्याच मूठभर टोप्यांवर कळलं. या टप्प्यानंतर माल फिकट पिवळा आणि मॅट दिसतो. इथे घाबरायचं नाही, मी घाबरलो होतो.

मग मीडिया बदलून चिनीमाती. वजनाची एक पट्टी काढून दीड तास. शेवटची दहा मिनिटं सायट्रिक, लिटरला पाच ग्रॅम, आणि लगेच साधं पाणी पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत. पुढे आरओचं गरम पाणी, बीटीए, बुरकुंडाचा भरडा.

माल कसा आहे, सांगतो. उन्हात धरला तर टोपीच्या वरच्या तोंडावर खिडकीचे गज ओळखू येतात, थोडे धूसर. बफच्या मालात ते धारदार दिसायचे. पण बफ नर्लिंगच्या खाचांत कधीच पोचत नव्हता, तिथे काळी रेघ राहायची. आता खाचा आतून पिवळ्या आहेत. ग्राहकाने आधी तेच पाहिलं आणि नमुना पास केला. भोकात अडकलेली मीडिया गेल्या सहा लोडमध्ये एकही नाही.

काकांचा रिपोर्ट आला. शिसं थोडं जास्त आहे. डॉक्टर म्हणाले, संपर्क तुटला की हळूहळू उतरेल, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. ताई, हे तुमच्यामुळे कळलं. त्यांच्या घरचे तुमचे आभार मानायला सांगतात. बफचं चाक आम्ही स्टँडवरून काढून ठेवलं आहे.

बाऊल आता तेच बघतात, हातमोजे घालून. माझ्या टायमरवर त्यांचा फारसा विश्वास नाही, ते आवाज ऐकतात. पाणी नीट वाहत असलं की बाऊलचा आवाज भिजलेल्या वाळूसारखा दबका येतो. परवा लोड चालू असताना आम्ही बाहेर चहा घेत होतो, काका मध्येच कप ठेवून उठले आणि म्हणाले, कोरडं पडलंय. जाऊन पाहिलं तर पाण्याच्या नळीच्या तोंडाशी क्षाराचा खडा अडकला होता आणि थेंब थांबले होते. दोन मिनिटांत काढला, लोड वाचला.